हात लावून पाहणारे

लघवीच्या पिशवीची दामिनीला कधी किळस आली नाही. ती यायला पाहिजे, असं गावाचं मत होतं. शेजारच्या सुलोचनाबाई तर नाकाला पदर लावून दारात उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "काहून व दामिनी, तुले घाण नाई वाटत का?" घाण कसली वाटायची? पिशवी रिकामी करणं, नळी धुणं, नवऱ्याला या कुशीवरून त्या कुशीवर वळवणं, अंगाखालची चादर ओढून काढणं, हे भांडी घासण्यासारखंच एक काम होऊन गेलं होतं. तिला किळस यायची ती हातांची.

हात सगळ्या तऱ्हेचे होते. चुन्याचे, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचे, भज्यांच्या तेलाचे, नुकतंच नाक शिंकरून आलेले. भंडाऱ्याजवळ शहापूरला गोपाळरावांच्या घरी कुणीही पाहुणा आला, त्याचं चहापाणी झालं, की गोपाळराव त्याला आतल्या खोलीत न्यायचे. तिथं खाटेवर त्यांचा मुलगा संजीव पडलेला असायचा. गोपाळराव त्याचं बनियन वर सारायचे, बेंबीच्या उजव्या अंगाला कातडीखाली जो गोल उंचवटा होता तो दाखवायचे आणि म्हणायचे, "लावा जी हात, लावा. काई होत नाई. अंदर मशीन आहे."

आणि माणसं खरंच लावायची! टरबूज ठोकून पाहायचं तरी आपण आधी विकणाऱ्याकडे बघतो. इथं कुणी बोटानं ठोकून पाही, कुणी चिमटीत धरून पाही, कुणी कडेकडेनं अंगठा फिरवी, आणि "बापा! थाळीच आहे ना जी" असं म्हणून तोच हात धोतराला पुसून सुपारीच्या डब्याकडे नेई. दामिनी कोपऱ्यात दात आवळून उभी राही. पाहुणे गेले की ओल्या फडक्यानं ती जागा पुसून काढी, आणि तरी तिला वाटे की बोटं अजून तिथंच आहेत.

मशीन म्हणजे औषधाचा पंप. संजीव जवाहरनगरला फॅक्टरीत नोकरीला होता. एका संध्याकाळी घरी येताना मोटरसायकलपुढे रानडुक्कर आडवं आलं. डुक्कर निघून गेलं, संजीवची पाठ मोडली. छातीखालचं अंग गेलं. गेलं म्हणावं तर पाय गप्पही पडत नव्हते. एकाएकी लाकडासारखे ताठायचे, कैची मारून एकमेकांत अडकायचे, गचके देऊन त्याला खाटेवरून खाली टाकायचे. गोळ्यांनी भागेना, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी पोटात ही चकती बसवली. चकतीत औषध, आणि तिच्यातून निघालेली बारीक नळी थेट पाठीच्या कण्यात. औषध संपत आलं की नागपूरला जायचं. तिथं डॉक्टर कातडीवरून चकतीच्या मधली खोलगट जागा चाचपायचे आणि सुईनं त्यात औषध भरून द्यायचे. चकती बसली आणि पाय सैल झाले. संजीव खुर्चीत बसू लागला, ताटावर जेवू लागला, आणि दामिनीला कितीतरी महिन्यांनी सलग झोप लागली.

घरी सोडताना तिथल्या नर्सनं तिला दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. एक, ही चकती दाबायची नाही, तिच्याशी खेळायचं नाही. दुसरी, अंगावर काही न उठता खाज सुटली, पाय पुन्हा कडक झाले, ताप चढला, तर औषध पोचत नाही असं समजायचं आणि होते तसे निघून यायचं. "घरगुती उपाय करत बसू नका, बाई. यानं माणूस जातो," असं ती म्हणाली होती.

पण हे गोपाळरावांना कोण सांगणार? त्यांचं भंडाऱ्याला हातमागाच्या कापडाचं दुकान, बापआज्यापासूनचं. कोशाचं रेशमी कापड डोळ्यांनी कळत नाही, अंगठा आणि बोटात धरून चोळलं की कळतं, ही त्या घराची विद्या. त्यांचे सगळे सोयरेही त्याच धंद्यातले. वस्तू हाताला लागली नाही तर त्यांच्या लेखी ती नव्हतीच. दामिनी पडली आंबागडच्या शेतकऱ्याची मुलगी. तिनं एकदाच धीर करून म्हटलं, "मामाजी, डॉक्टरनं हात लावू नका म्हटलं आहे." त्यावर गोपाळराव पाहुण्यांकडे बघून हसले. "धानवाल्याची पोरगी आहे, तिले का समजते? आपल्या घरी आलेल्या माणसाले नाई म्हणाचं का?" पाहुणेही हसले. संजीवही हसला. त्या दिवसापासून ती बोलायची थांबली. नवराच हसल्यावर बोलून कुणाला सांगायचं?

यंदा संजीवची बहीण मेघा हिचं जमलं आणि हातांना ऊत आला. मुलाकडचे मोहाडीचे, सूत आणि कापडाचे व्यापारी. मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी मेघाला दोन प्रश्न विचारले आणि उरलेली दुपार संजीवच्या पोटाभोवती घालवली. नवऱ्या मुलाचे मामा पुंडलिकराव तर खाटेवरच बसले. डाव्या तळहातावर खर्रा घोटत होते, तो तोंडात टाकला आणि त्याच अंगठ्यानं चकती अशी चाचपली, जसा साडीचा पदर चाचपतात. "मधात खड्डा आहे, नाई का?" ते म्हणाले. गोपाळरावांची छाती फुगली. "तिथूनच तं दवा भरते!" दामिनी उठून न्हाणीत गेली आणि तिनं हात धुतले, तिचे हात कुठंही लागले नव्हते तरी.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी सकाळपासून संजीव खाजवत होता. आधी मान, मग दंड, मग छाती. अंगणात मांडव पडला होता, कढईत पुऱ्या तळल्या जात होत्या, गल्लीभर मोहाडीच्या गाड्या लागल्या होत्या. दामिनीनं त्याचं बनियन काढून पाहिलं. अंगावर नखांचे ओरखडे होते, बाकी काही नव्हतं. एक फोड नाही, एक गांधी नाही.

तिची सासू गीताबाई आत डोकावली. "वांगं बाधलं त्याले," ती म्हणाली. "काल रातच्याले पंगतीसाठी रांधून पाहिलेली वांग्याची भाजी मागून मागून खाल्ली. मी म्हणत होती, वांग्यानं खाज सुटते."

"आत्याबाई, वांग्यानं खाज सुटली तं अंगावर उठत नाई का? आणि पाय पाहा त्याईचे."

पाय ताठ होऊन राहिले होते. उजवा गुडघा डाव्यावर चढायच्या बेतात होता. पण गीताबाईनं पाय पाहिलेच नाहीत. तिनं सहाणेवर गेरू उगाळून आणला आणि लेकाच्या छातीला, पाठीला, गळ्याला फासला. वरून काळी घोंगडी गुंडाळली, कारण पित्त घोंगडीनं बसतं. लालभडक रंगलेला, घामानं निथळणारा तो माणूस घोंगडीत थरथरत होता. खोलीत ओली लोकर, घाम आणि बाहेरून येणारा तेलाचा वास मिसळला होता. सुलोचनाबाई दारातून बघून म्हणाल्या, "बरं झालं माय, लाल रंग शुभ असते." दामिनीला वाटलं, या बाईच्या तोंडावर सहाण हाणावी.

गावातला डॉक्टर पाहुणा म्हणून जेवायलाच आला होता. गोपाळरावांनी त्याला पंगतीतून उठवून आणलं. बोटाला बुंदीचा पाक, ती बोटं चाटत चाटत त्यानं डोळे पाहिले, जीभ पाहिली आणि खाजेचं एक इंजेक्शन ठोकलं. "ॲलर्जी आहे. झोपू द्या." एवढं बोलून तो पुन्हा पंगतीत जाऊन बसला, कारण कढी आली होती.

दामिनीनं घोंगडी फेकून दिली. कपाळाला हात लावला तर चटका बसला. तिनं नागपूरला फोन लावला. तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "खाज, ताप, पाय कडक? अंगावर पुरळ नाही? घरी पोटातून घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या त्या लगेच द्या, आणि निघा. उद्या नाही, जेवण झाल्यावर नाही. आत्ता." दामिनीनं गोळ्या दिल्या, त्यांवर पाजलेलं निम्मं पाणी संजीवच्या गळ्यावरून वाहिलं. मग १०८ ला फोन केला. गाडी जवळच होती, लगेच येतो म्हणाले.

ती वाट पाहत राहिली. गाडी काही येईना. संजीव आता तिला ओळखत होता आणि मध्येच नव्हता. "गोपीचंद आला का?" असं विचारत होता. गोपीचंद त्याचा फॅक्टरीतला मित्र. पाय पूर्ण कैचीत गेले होते. ते सोडवायला तिनं आपला गुडघा मध्ये घातला, तर तिचाच गुडघा अडकला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. गाडीचा ड्रायव्हर होता. "ताई, आम्ही केव्हाचे हायवेवर चिंचेखाली उभे आहो. एक साहेब आले होते. म्हणे, सायरन वाजवू नका, पाहुणे जेवून उठले की आणतो."

कोण साहेब, हे तिला विचारावं लागलं नाही. गोपाळराव पाठोपाठ आत आलेच, फेट्याचं टोक सावरत. "हे पाह्य, दामिनी. सोयऱ्याईच्या समोर घरातून माणूस असा उचलून नेला तं अपशकुन होते. पोरीचं मोडलं तं तू जबाबदार राहशील का? नारळ होऊ दे. टिळा होऊ दे. त्याले का आज झालं आहे? इतके दिवस पडूनच आहे ना!"

बाप बोलत होता हे. दामिनी त्या फेट्याकडे बघत राहिली. माणसाला इतकी शिसारी येऊ शकते की बोलायला तोंड उघडवत नाही, हे तिला त्या घडीला कळलं.

आणि नेमके तेव्हाच पुंडलिकराव आत आले. जेवण झालं होतं, ढेकर आला होता, खर्रा गालात होता. "का म्हणते आमची मशीन?" असं म्हणून कुणी काही बोलायच्या आत त्यांनी आपला तो अंगठा संजीवच्या गेरूनं माखलेल्या पोटावर टेकवला. दामिनी झडप घालून तो हात काढणार होती. पण पुंडलिकरावांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी अंगठा एका कडेनं फिरवला, दुसऱ्या कडेनं फिरवला, मधे दाबला.

"गोपाळराव," ते म्हणाले, "हे तं उलटं आहे जी."

"का उलटं आहे?"

"मशीन. मागच्या खेपेले मधात खड्डा लागला होता. आज निरी सपाट आहे. हे पाठ आहे, तोंड अंदर गेलं. कापडाची सुलटी-उलटी मले समजते ना, का सांगून राहिलो मी."

दामिनीनं स्वतः बोट ठेवलं. सपाट. कुठंही खोलगट नाही. जिथं रोज फडकं फिरवत होती तिथं तिनं कधी दाबून पाहिलं नव्हतं, कारण दाबू नका असं सांगितलं होतं आणि सगळ्या घरात ते पाळणारी ती एकटीच होती. या घाणेरड्या अंगठ्याचे आभार मानायचे होते, आणि असल्याच अंगठ्यांनी हे झालं होतं. तिनं आभार मानले नाहीत.

ती सरळ मांडवात गेली. मेघा पाटावर बसली होती. माईकवर कुणीतरी आलेल्या सोयऱ्यांची नावं घेत होता. दामिनीनं त्याच्या हातून माईक घेतला. साडीवर गेरू, हाताला गेरू, केस सुटलेले.

"ज्यानं ज्यानं माह्या नवऱ्याच्या पोटाले हात लावून पाहिला, त्यानं उभं राहावं," ती म्हणाली. "सारेच आहेत इथं, मले तोंडं माहीत आहेत. मशीन उलटली आहे. माणूस मरून राहिला आहे. गल्लीत तुमच्या गाड्या लागल्या, अम्बुलन्स हायवेवर उभी आहे. ते हात आता खाटेले लावा."

कुणी हललं नाही. मग पाटावरची मेघा उठली आणि ओरडली, "उठा ना जी! पाहून का राहिले?" त्यानंतर खुर्च्या सरकल्या. पुंडलिकराव आधीच खाटेच्या डोक्याशी उभे होते, खर्रा थुंकून. मग एकेक जण आला, मान खाली घालून. गेरूनं रंगलेला माणूस खाटेसकट गल्लीतून निघाला. पाय कैची मारलेले, घोंगडी मागं लोळत होती, आणि पाहुण्यांचे हात, तेच ते सगळे, खाटेच्या चौकटीला चिकटलेले. गोपाळराव मांडवात नारळ हातात धरून उभे राहिले. खाटेला हात लावायला ते आले नाहीत.

नागपूरच्या वाटेवर मौदा मागे पडलं तेव्हा संजीवला झटका आला. ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरनं त्याच्या शिरेत औषध दिलं आणि तो शांत झाला. इतका शांत की दामिनीनं त्याच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता. त्याच वेळी गोपाळरावांचा फोन आला. तिला वाटलं, अखेर बाप विरघळला. "टिळा झाला बरं का," ते म्हणाले. "मोडलं नाई. सोयरे विचारून राहिले, मशीन वाचते का?"

"मामाजी, मशीनले काई झालं नाई," ती म्हणाली आणि फोन बंद करून टाकला.

नागपूरला त्याला लगेच आत घेतलं. औषधं सुरू झाली, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, नर्सनी तोंड वाकडं न करता गेरू पुसून काढला. पायांची कैची हळूहळू सुटली. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले आणि तिला नावानं हाक मारली. तेव्हा दामिनी पहिल्यांदा खाली बसली.

डॉक्टरीणबाई एक्स-रे घेऊन आल्या. चकती खरंच पालथी होती. तिच्यामागची नळी भोवऱ्याच्या जाळीसारखी पिळली गेली होती, एका जागी मुडपून बंद झाली होती. "आज ऑपरेशन करून सरळ करू आणि घट्ट टाके घालू," त्या म्हणाल्या. "पण एक सांगा. ही एकदाच उलटली असती तर नळीला एवढे पीळ पडले नसते. कुणीतरी हिला पुन्हा पुन्हा फिरवलं आहे. कोण आहे तो?"

दामिनी याच प्रश्नाची वाट पाहत होती. तिच्याजवळ नावं तयार होती. सासरा, पुंडलिकराव, सुलोचनाबाईंचा नवरा, दुकानातले गडी, मोहाडीचा सगळा गोतावळा. तिनं तोंड उघडलं.

"मी," खाटेवरून आवाज आला.

दोघींनी वळून पाहिलं. संजीव छताकडे बघत होता. "माह्यानंच झालं. पयले थोडी हलत होती. दुपारी तू कपडे धुवाले गेली की हलवून पाहत होतो. मंग एक दिवस पूर्ण पलटली. गोपीचंदले दाखवली, तं तो केवढा हसला! दुसऱ्या दिवशी फॅक्टरीतले आणखी दोघं घेऊन आला. पलटून दाखव म्हणे." तो थांबला, कोरडे ओठ चाटले. "बाबाले माहीत नाई. बाबा फक्त हात लावाले सांगत होते. पलटवत मी होतो."

"काहून?" दामिनीला एवढंच विचारता आलं.

"मशीन पाहाले तं येत होते ना," तो म्हणाला. "माह्यासाठी कोण येत होतं?"

डॉक्टरीणबाई एक्स-रे घेऊन बाहेर गेल्या. दामिनी उभी राहिली. चुन्याचे, तेलाचे, खर्ऱ्याचे सगळे हात तिनं आजवर सोसले होते. पण त्यांतल्या एकाचीही आली नव्हती एवढी किळस तिला या एका हाताची आली. तो स्वच्छ होता. आज सकाळी तिनंच तो साबणानं धुतला होता, नखं तिनंच कापली होती. तिला वाटलं, निघून जावं. आंबागडची गाडी पकडावी आणि या माणसाला, त्याच्या पोटाला आणि ते बघायला येणाऱ्यांना एकमेकांच्या हवाली करून टाकावं.

बोलता बोलता संजीवचा उजवा हात आपसूक पोटाकडे निघाला होता. बोटं अंगावरच्या चादरीच्या काठापाशी पोचली. त्याला स्वतःला ते कळलंही नव्हतं.

दामिनीनं तो हात मनगटात पकडला. बाहेरून जाणाऱ्या नर्सला वाटलं असेल, बायकोनं नवऱ्याचा हात प्रेमानं धरला आहे. तिनं तो इतका घट्ट धरला होता की त्याची बोटं पांढरी पडली, आणि ऑपरेशनला न्यायला माणसं आली तेव्हा त्यांना तो तिच्या मुठीतून सोडवून घ्यावा लागला.